हेस्टिंग्जच्या वाचनालयातली रिकामी खुर्ची

लंडनच्या चेरिंग क्रॉसहून गाडी सुटली तेव्हा पाऊस होता, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्जला उतरलो तेव्हाही पाऊसच. खोली महागडी आणि गारठलेली. किल्ला, गोट्यांचा किनारा, कोळ्यांची जाळी ठेवायची उंच काळी लाकडी घरं, हे सगळं एका सकाळीत उरकलं. मला ओढ होती ती क्लेअरमाँट रस्त्यावरच्या ब्रॅसी इन्स्टिट्यूटची. तिथे आता गावाचं वाचनालय आहे.

१८९५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये याच इमारतीत बावीस बुद्धिबळपटू भिडले. लास्कर, टाराश, चिगोरिन, स्टाइनिट्झ, सगळे एका छपराखाली! जिंकला मात्र अमेरिकेहून आलेला बावीस वर्षांचा पिल्सबरी. साडेसोळा गुण, चिगोरिन अर्ध्या गुणाने मागे.

पण मी आलो होतो ते १७ ऑगस्टच्या एका डावासाठी. एका टेबलाशी पेपर वाचत बसलेल्या आजींनी न बोलता आपली पिशवी उचलून मला जागा करून दिली. मी खिशातला चुंबकाचा पट उघडला आणि स्टाइनिट्झ विरुद्ध जर्मन खेळाडू बार्डेलेबेन हा डाव मांडायला घेतला, पांढऱ्या सोंगट्या स्टाइनिट्झच्या. स्टाइनिट्झ तेव्हा एकोणसाठ वर्षांचा. आदल्याच वर्षी लास्करने त्याचं जगज्जेतेपद घेतलेलं.

बाविसाव्या चालीला पांढरा हत्ती काळ्या राजाला खेटून उभा राहतो. राजाने मारला तर दुसरा हत्ती शह देत येतो, वजिराने मारला तर काळ्याचा हत्ती शहासकट जातो. पांढऱ्याचा स्वतःचा वजीरही माऱ्यात आहे. आणि तो हत्ती एकेक घर सरकत शह देत राहतो: राजाला तो मारणं परवडत नाही, वजिरालाही नाही. चौथ्या शहाला प्यादं मारून हत्ती कडेच्या पट्टीत पोहोचला. बोटाखाली तो सरकताना माझ्या अंगावर काटा आला.

बार्डेलेबेन तिथे उठला. डाव सोडला नाही, हात मिळवला नाही, सरळ दालनाबाहेर निघून गेला. त्याचं घड्याळ चालत राहिलं आणि म्हातारा स्टाइनिट्झ रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहिला. मला त्या माणसाचा फार राग येतो. कारण चौदाव्या वर्षी सांगलीतल्या एका स्पर्धेत मीही हेच केलंय. हरलेला डाव तसाच टाकून बाहेर चहाच्या टपरीमागे जाऊन उभा राहिलो. खिडकीतून दिसत होतं, समोरचा मुलगा हाताची घडी घालून माझ्या घड्याळाकडे बघत होता. निळा स्वेटर होता त्याच्या अंगात.

बार्डेलेबेन गेल्यावर स्टाइनिट्झने जमलेल्यांना पुढची दहा चालींची मात दाखवली. ती मी त्या टेबलावर सावकाश, मात होईपर्यंत खेळलो. मग सांगलीचा डाव आठवून पाहिला. निळा स्वेटर आठवला, सोंगट्या कुठे होत्या ते काही आठवेना.