किहीम कोण आहे?

मांडव्याहून अलिबागची एसटी धरली आणि खिडकी मिळाली की माझा एक जुना चाळा सुरू होतो. रस्त्यावरच्या पाट्या वाचायच्या आणि प्रत्येक गावाला मनातल्या मनात 'कर' लावायचा. आवासकर, सासवणेकर, चोंढीकर. मांडव्याचा मांडवकर की मांडवेकर, हे अजून ठरत नाही. किहीमची पाटी दिसली की मात्र दरवेळी अडखळतो, कारण मला माहीत असलेलं आडनाव किहीमकर नाही, केहिमकर आहे.

केहिमकर म्हणजे बेने इस्रायल, आपल्याकडचे ज्यू. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका तेवढ्या वाचल्या, असं त्यांची परंपरा सांगते. पुढे त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव पाडलं शनवार तेली. पण आडनावं बघा, पेणकर, रोहेकर, नवगावकर! कोणाच्याही शेजारी खपून जातील. हाईम शमुवेल केहिमकरांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास लिहून ठेवला. तो छापून निघाला १९३७ मध्ये, तोही तेल अवीवला. कुठे किहीम, कुठे तेल अवीव!

पण तो 'के' आला कुठून? माझा आपला एक तर्क आहे. गावात राहणारी माणसं रोजच्या बोलण्यात गावाचं नाव झिजवतात. बाहेर पडलेल्यांच्या आडनावात ते जसंच्या तसं राहतं, मुरलेल्या लोणच्यासारखं. चौलचंही तेच. सिनेमातले डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चौलला आज चेऊल म्हणणारं कोणी मला तरी भेटलेलं नाही. भाषेचे जाणकार या तर्काला हसतील. हसोत बापडे.

मला वाईट वाटतं ते राजपूरकरांचं. त्याच १९३७ साली मुंबईचे महापौर झाले डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं नाव आहे, पण पाटीवर काय, तर डॉ. ई. मोझेस रोड. वाचणाऱ्याला वाटावं, कोणी गोरा साहेब असेल. जंजिऱ्यासमोरची राजपुरी त्या पाटीवरून गळली ती गळलीच. मी त्या रस्त्याने जाताना सोबतच्या माणसाला हे हटकून सांगतो. कोणी फारसं मनावर घेत नाही.

अलिबागेत इस्रायल आळी आहे, सिनेगॉग आहे. १९४८ नंतर बरीचशी घरं मात्र इस्रायलला गेली. आणि किहीमात राहून स्वतःला किहीमकर म्हणवणार तरी कोण? गावात माणूस आळीने, नाहीतर घराच्या नावाने ओळखला जातो.

तेवढ्यात गाडी थांबली. "किहीम कोण आहे, किहीम?" कंडक्टर ओरडला.

मागच्या बाकावरून एक आजी टोपली सावरत उठली. "मी हाय. थांब जरा."