तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या संगणकांचे हे डबे मी का चालवते

नातेवाईक विचारतात, वाचनालयात अभ्यासाला येणारी पोरं विचारतात, नागपुरातल्या बर्डीवरचा दुकानदारही जुन्या रॅमची डीडीआर-वन पट्टी शोधून देताना विचारतो, "ताई, तीस हजारात नवा लॅपटॉप येते, काहून या डब्यांवर लिनक्स चढवत बसता?" पैशाची अडचण आहे का, असंही कुणी हळूच विचारून जातं. अडचण नाही. वेळ जात नाही म्हणूनही करत नाही. एरवी मी विषय बदलते. आज सांगते.

सोपं उत्तर असं: ही मशीनं अजून काम करतात. हा मजकूर मी टाइप करतेय ते नेटबुक 2008 साली आलेल्या अॅटम एन270 चं आहे, रॅम 1 जीबी. त्यावर अँटिएक्स आहे, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारं एक हलकं लिनक्स. डेस्कटॉप उघडून बसलं तरी तीन-चतुर्थांश रॅम मोकळी असते, इनस्क्रिप्ट कळपाटावर मराठी बिनबोभाट लिहिता येतं. टायनी कोअर नावाचं लिनक्स तर खिडक्यांसकट सुमारे 25 एमबीच्या फाइलमध्ये मावतं. विंडोज 11 ला 4 जीबी रॅम आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, म्हणून 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपल्यावर कितीतरी धडधाकट मशीनं लोकांनी निकालात काढली. मला ते पटत नाही.

पण एवढ्यासाठी मी इतकी वर्षं हे केलं नसतं. खरं कारण वाचनालयातलं आहे.

महाल भागातलं ते वाचनालय, नाव सांगत नाही. नव्वदच्या दशकात कुणीतरी जिद्दीनं तिथल्या पुस्तकांची नोंद संगणकावर मराठीत घातली. विंडोजआधीच्या डॉसवर फॉक्सप्रो हा नोंदी ठेवायचा प्रोग्राम, आणि मराठीसाठी सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड. हे कार्ड मदरबोर्डवरच्या आयएसए नावाच्या जुन्या खाचेत, म्हणजे स्लॉटमध्ये, बसायचं आणि डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटायची. अक्षरं साठवली जायची इस्की संकेतात, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक क्रमांक, 1991 च्या भारतीय मानकाप्रमाणे. आता मदरबोर्डवर आयएसए स्लॉटच नसतो. म्हणून त्या मशीनची बायोसची बॅटरी बदलणं, पंख्यातली धूळ काढणं, मे महिन्यात ते कूलरच्या दमट झोतातून बाजूला ठेवणं, हे सगळं मी बघत होते.

मी बहिणीकडे पुण्याला गेले होते तेव्हा वाचनालयाला नवा संगणक मिळाला. बसवायला आलेला मुलगा हुशार होता, त्याला मी दोष देत नाही. त्यानं जुनी हार्ड डिस्क काढली, केबलनं नव्याला जोडली, फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या, नव्या संगणकावर डॉसची नक्कल करणारं डॉसबॉक्स टाकून त्यात फॉक्सप्रोसुद्धा चालवून पाहिलं. पडद्यावर आल्या नुसत्या रेघा. उभ्या, आडव्या, दुहेरी, कोपरे. इस्कीमध्ये 'क' चा क्रमांक 179. कार्ड नसलेल्या डॉसमध्ये 179 म्हणजे चौकट आखायची उभी रेघ. 'ख' म्हणजे 180, तीच रेघ, डावीकडे एक फाटा फुटलेली. व्यंजनं बहुतेक सगळी अशाच रेघांवर पडतात. त्याला हे कोण सांगणार? फाइल करप्ट आहे, असं तो म्हणाला, आणि कार्यकारिणीनं जुनं मशीन रद्दीबरोबर देऊन टाकलं.

परत आल्यावर कळलं तशी मी इतवारीत त्या कबाड्याकडे गेले. कॅबिनेट बाहेरच पडलं होतं. झाकण उघडं, आत काही नाही.

"बोर्ड तर गाडीत गेले ताई. डब्बा पाहिजे असन तर घेऊन जा."

"आणि डिस्क?"

"तेबी त्यातच."

सचिव समजुतीनं म्हणाले, "ताई, ते बिघडलेलंच होतं ना?" बिघडलं नव्हतं, हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं, आजही सांगते.

पेनड्राइव्ह मात्र त्या मुलानं जपून ठेवला होता. याच नेटबुकवर पायथॉनमध्ये एक लहानसा तक्ता लिहिला: 179 आलं की युनिकोडचा, म्हणजे आजच्या संगणकांच्या संकेताचा, 2325, म्हणजे 'क'. युनिकोडचा देवनागरी विभाग इस्कीवरूनच बेतलेला आहे, त्यामुळे क्रम जवळजवळ जुळत जातो. रेघांमधून पुस्तकांची नावं बाहेर येऊ लागली. लेखक आले, दाखल क्रमांक आले. मग शेऱ्याचा रकाना आला, आणि त्यात नुसते आकडे होते.

फॉक्सप्रो लांब मजकूर नोंदींच्या मुख्य डीबीएफ फाइलमध्ये ठेवत नाही. तो शेजारच्या एफपीटी फाइलमध्ये असतो, डीबीएफमध्ये फक्त तो कुठे सापडेल त्याचा क्रमांक. मुलानं डीबीएफ तेवढ्या घेतल्या होत्या. त्या शेऱ्यांमध्ये पुस्तक कुणी दिलं, कुणाच्या स्मरणार्थ दिलं, कुठल्या प्रतीची कोणती पानं गहाळ आहेत, हे होतं. देणगीदारांची नावं दुसरीकडे कुठेही लिहिलेली नाहीत. त्यांच्यापैकी किती जण आज हयात असतील?

यावर एक रास्त आक्षेप आहे, आणि तो मीच माझ्यावर घेत असते. मशीन जगवत बसण्यापेक्षा मजकूर आधीच युनिकोडमध्ये का नेला नाही? तेव्हाची मी म्हणायचे, मूळ चालू आहे तोवर घाई कसली, आणि मूळ पडदा समोर असल्याशिवाय उतरवलेलं बरोबर आहे हे तपासणार कसं? यातला दुसरा भाग मला अजून खरा वाटतो. जोडाक्षराची शंका आली की जुन्या पडद्यावर बघून खात्री करता आली असती. पण मशीन मूळ आहे की मजकूर मूळ आहे, हा वाद माझ्यापुरता मिटलेला नाही.

आणि सगळी जुनी मशीनं जगवावीत असंही मी म्हणत नाही. पेंटियम 4 च्या नंतरच्या बऱ्याच मॉडेलांत नुसता प्रोसेसर 80 वॉटच्या वर खातो, या अॅटमला अडीच वॉट पुरतात. कॅटलॉग दाखवायला पेंटियम 4 चालू ठेवणं म्हणजे वीज जाळणं, तिथे रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक बरा. नेटवरही हे नेटबुक लवकर दमतं. अँटिएक्स हलकं असलं तरी ब्राउझर हलका नाही, भरतीचा फॉर्म भरायला आलेल्या पोरांना मी नव्या संगणकावरच बसवते. ऑगस्ट 2025 मध्ये डेबियन या लिनक्सची 13 वी आवृत्ती आली, त्यात या नेटबुकसारख्या 32-बिट पीसीसाठी कर्नल म्हणजे गाभाही नाही, इन्स्टॉलरही नाही. अँटिएक्स डेबियनवरच उभं आहे. म्हणजे या नेटबुकचीही वाट अरुंद होत चाललीय, ते मला दिसतंय.

तरी घरात एक पेंटियम 3 मी चालू ठेवलंय, आयएसए स्लॉट असलेलं. जिस्ट कार्ड मिळालं तर त्यात बसवायचंय, कारण असं वाचनालय एकच नसणार. तुमच्या शाळेत, पतसंस्थेत, ग्रामपंचायतीत असं मशीन कोपऱ्यात पडलं असेल तर कबाड्याला देण्याआधी झाकण उघडून बघा. फाइली घ्याल तेव्हा अख्खी डिरेक्टरी उचला, एफपीटीसकट. आणि पडद्यावर रेघा दिसल्या तर पुसू नका, मला पाठवा.