रूळ ओलांडणारा माणूस मूर्ख नसतो

गाडी मध्येच थांबली आणि कोणीतरी म्हणालं की पुढे कोणी गाडीखाली गेलं म्हणून, की डब्यात पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "अरे पूल आहे ना तिथे, काय अक्कल गहाण टाकतात का लोकं". कळवा-मुंब्र्याच्या पट्ट्यात लहानाचा मोठा झालोय त्यामुळे हे वाक्य लहानपणापासून ऐकतोय आणि आता ते ऐकवत नाही. मुंबईच्या लोकल मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात, त्यातली सगळ्यात जास्त रूळ ओलांडताना. एवढ्या सगळ्यांना अक्कल नव्हती? रोज कामाला जाणारी, घर चालवणारी, मुलांच्या फिया भरणारी माणसं होती ती.

रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली यासाठी हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, अनाउन्समेंट दिवसभर चालू असते, पाट्या आहेत. म्हणजे माहिती सगळ्यांना आहे. तरी पाय तिकडेच वळतात.

वर्तनशास्त्र, म्हणजे माणसं प्रत्यक्षात कसं ठरवतात आणि वागतात त्याचा अभ्यास, या विषयाकडे मी वळलो तो हार्बर लाइनवरच्या वडाळ्याच्या एका प्रयोगामुळे, २००९-१० सालचा. फायनलमाईल नावाच्या मुंबईतल्याच एका कन्सल्टन्सीने रेल्वेबरोबर मिळून तो केला. त्यांनी आधी हे शोधलं की रूळ ओलांडणाऱ्याला त्या क्षणी दिसतं काय. आणि निघालं असं की त्याला गाडी दिसत असते पण तिचा वेग कळत नाही. मोठी वस्तू समोरून येत असेल तर ती असते त्यापेक्षा हळू येतेय असं आपल्या डोळ्यांना वाटतं, लाइबोविट्झ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्येच रेल्वे फाटकांवरच्या अपघातांबद्दल हे मांडलं होतं. म्हणजे तो माणूस बेफिकीर नसतो, तो हिशोब करूनच पाऊल टाकतो, फक्त डोळ्यांनी त्याला चुकीचा आकडा दिलेला असतो.

मग त्यांनी रुळांखालचे काही काही स्लीपर, म्हणजे आडवे ठोकळे, पिवळेजर्द रंगवले. गाडी येताना ते पिवळे पट्टे एकामागून एक तिच्याखाली गायब होतात आणि वेग डोळ्याला दिसायला लागतो. दुसरं, एक लांबलचक हॉर्न द्यायच्या ऐवजी दोन छोटे तुटक हॉर्न, कारण सलग आवाजाला कान सरावतो आणि मधल्या शांततेमुळे दुसरा आवाज टोचतो. तिसरं म्हणजे फोटो. रेघांनी काढलेल्या माणसाची नेहमीची पाटी हटवून गाडी अंगावर येताना किंचाळणाऱ्या खऱ्या माणसाचा चेहरा, क्रमाने, बरोबर जिथून लोक रुळावर उतरतात तिथे लावला. दंड वाढवला नाही, पोलीस उभा केला नाही. तिथले मृत्यू बरेच कमी झाले. एका जागेवरचा प्रयोग आहे, पुरावा म्हणून त्याला किती वजन द्यायचं यावर वाद घालता येईल, मला मान्य आहे. पण विचार करायची पद्धत मला फार पटली. माणसाला दोष द्यायच्या आधी, तो जिथे उभा राहून ठरवतो ती जागा जाऊन बघायची.

आणि आपल्या घरांत आपण नेमकं हेच करत नाही. पैसे उरत नाहीत? मन आवर. गोळी विसरलात? लक्ष द्या जरा. वजन वाढलं? तोंडावर ताबा ठेव. सगळा जोर माणसावर आणि त्याच्या आजूबाजूला काय मांडून ठेवलंय ते तसंच. माझ्या वडिलांची बीपीची गोळी आम्ही फ्रीजवरच्या डब्यातून काढून सकाळच्या चहाच्या ट्रेमध्ये ठेवली, बस, त्यावरून होणारी बोलाचाली संपली. यासाठी कुठल्या संशोधनाची गरज नाही हो, पण हे सुचायला आम्हाला वर्षं लागली कारण आम्ही त्यांच्या विसरण्यावरच भांडत बसलो होतो.

पैशाच्या बाबतीत तर हे लख्ख दिसतं. २००१ मध्ये ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शे यांनी एका अमेरिकन कंपनीतल्या रिटायरमेंटच्या बचत योजनेचा अभ्यास केला. आधी योजनेत यायचं तर फॉर्म भरावा लागायचा, नंतर कंपनीने नव्याने लागणाऱ्यांसाठी उलटं केलं, सगळे आपोआप आत आणि ज्याला नको त्याने फॉर्म भरून बाहेर पडायचं. नव्या लोकांत योजनेत सामील असणाऱ्यांचं प्रमाण ४९ टक्क्यांवरून ८६ टक्क्यांवर गेलं. पगार तोच आणि योजनाही तीच. हा भाग सगळेजण सांगतात. पण त्याच अभ्यासातला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कंपनीने आपोआप कापायचा दर ३ टक्के ठेवला होता तर आपोआप आलेले बहुतेक लोक त्या ३ टक्क्यांवरच थांबले, पैसे कुठे गुंतवायचे तेही कंपनीने निवडलं तिथेच राहू दिलं. म्हणजे दुसऱ्याने आधीच ठरवून ठेवलेली निवड, फॉर्मवर आधीच केलेली टिक म्हणा ना, माणसाला आत आणते आणि तिथेच बसवूनही ठेवते. आपल्याकडे पीएफचं तेच आहे बघा. बेसिकच्या १२ टक्के कापले जातात म्हणून तेवढे साठतात, आणि व्हीपीएफमध्ये, म्हणजे ऐच्छिक पीएफमध्ये, स्वतःहून वाढवता येतात हे माहीत असलेले माझ्या ऐरोलीच्या ऑफिसमधले कितीतरी जण वर्षानुवर्षं १२ वरच आहेत, एचआरला एक मेल टाकायची असते फक्त.

आमच्या आधीच्या पिढीने हे शास्त्र न शिकता जमवलं होतं. पोस्टाच्या आरडीवाल्या एजंट मावशी महिन्याच्या सुरुवातीला दारात यायच्या, पगार झालेला असायचा, पैसे खर्च व्हायच्या आधी हातातून जायचे. आणि भिशी! माझी आत्या खारीगावात भिशी चालवायची, दर महिन्याला सगळ्या जणींनी ठरलेली रक्कम द्यायची, चिठ्ठी निघेल तिला सगळे पैसे, कोणाचा फ्रीज आला, कोणाच्या मुलीची डिप्लोमाची फी गेली. व्याज शून्य. शेजारचे काका तिला दरवेळी म्हणायचे की वहिनी, बँकेत टाका, निदान व्याज तरी मिळेल. हिशोबाने काका बरोबर होते पण बँकेतले पैसे मधेच काढता येतात आणि भिशीचे येत नाहीत, शिवाय चुकवले तर दहा बायकांना तोंड दाखवायचं असतं. फिलिपिन्समध्ये नावा अश्रफ, डीन कार्लन आणि वेस्ली यिन या संशोधकांनी एका बँकेबरोबर असाच प्रयोग केला होता, ग्राहकांना असं खातं देऊ केलं की ठरवलेली तारीख किंवा रक्कम येईपर्यंत पैसे काढताच येणार नाहीत, आणि व्याज एक पैसा जास्त नाही. तरी २८ टक्के लोकांनी ते घेतलं. २००६ मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला, त्यात प्रयोगाला वर्ष झाल्यावर ज्यांना हे खातं देऊ केलं होतं त्यांची शिल्लक बाकीच्यांपेक्षा चांगलीच वाढलेली दिसली. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग? स्वतःचा हात स्वतःलाच धरता येत नाही रे, दुसऱ्याने धरावा लागतो." अर्थात भिशीत चालवणाऱ्या बाईवरच सगळा भरोसा असतो, पैसे बुडाले तर दाद मागणं कठीण, त्यामुळे अनोळखी ठिकाणी अजिबात घालू नका.

आता उलटी बाजू. सकाळच्या गाडीत आमच्या ग्रुपमधली दोन-तीन पोरं मोबाईलवर ऑप्शन्सचे, म्हणजे शेअरचा भाव पुढे कुठे जाईल यावर लावायच्या सौद्यांचे, भाव बघत असतात. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये आकडे दिले, तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. पोरांना हा आकडा पाठ आहे तरी थांबत नाहीत. का, तर डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये जे मांडलं तेच, फायद्यात असताना आपण जपून वागतो आणि तोट्यात गेलो की तो भरून काढायला मोठी जोखीम घेतो. "घातलेले निघाले की बंद करणार" हे वाक्य ज्याच्या तोंडी आलं तो आत्ता सगळ्यात धोक्याच्या जागी उभा आहे असं समजा आणि त्याला आकडेवारी ऐकवत बसू नका. तोटा किती झाला की त्या महिन्याचं ट्रेडिंग बंद, हे भाव डोळ्यासमोर नसताना, घरी बसून, बायकोला किंवा भावाला सांगून ठरवायला लावा. त्याहून चांगलं म्हणजे ॲपच काढून टाकायला लावा.

वर्तनशास्त्रात सगळंच सोनं नाही, हेही सांगायला हवं. फॉर्मच्या वरच्या बाजूला सही घेतली तर लोक जास्त खरं लिहितात असा २०१२ सालचा एक गाजलेला शोधनिबंध होता, २०२१ मध्ये त्यातला डेटा बनावट निघाला आणि तो मागे घेतला गेला. सरकारी खात्यांसाठी झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगांची बेरीज केली तर असल्या छोट्या बदलांनी टक्केवारीत सरासरी १.४ अंकांचाच फरक पडला, संशोधनाच्या नियतकालिकांत छापून आलेल्या प्रयोगांत तो ८.७ होता. त्यामुळे रीलवर कोणी एका युक्तीने आयुष्य बदलायला निघालं की मी पुढे सरकतो. आधीच केलेली टिक आणि आधीच बांधलेला हात, या दोन गोष्टी मात्र मला भक्कम वाटतात.

आणि त्या भक्कम आहेत हे कंपन्यांना आपल्या आधी कळलंय. तिकीट काढताना आपोआप जोडलेला इन्शुरन्स, "फक्त २ रूम शिल्लक", सुरू करायला एक क्लिक आणि बंद करायला दहा पानं असलेलं सबस्क्रिप्शन. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ प्रकारांची यादी काढून त्यांवर बंदी घातली, डार्क पॅटर्न म्हणतात त्यांना, खोटी घाई दाखवणं आणि गुपचूप बास्केटमध्ये वस्तू टाकणं दोन्ही त्यात आहेत. घरातल्या मोठ्यांचा फोन एकदा हातात घ्या, ऑटोपेमध्ये काय काय चालू आहे ते त्यांच्या शेजारी बसून बघा, त्यांना न ओरडता. नको ते बंद होत नसेल तर स्क्रीनशॉट काढा आणि १९१५ ला फोन लावा, ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं.