तुम्ही विचारलंत म्हणून : पेल्विक हेल्थच्या संशोधनाची वाट

कोल्हापुरात फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांपुढे बोलायला गेले की व्याख्यानानंतर एखादी मुलगी मागे रेंगाळते आणि सगळ्या पांगल्यावर हळूच विचारते, "मॅडम, पेल्विक हेल्थच्या रिसर्चमध्ये यायचं तर पीएचडीच करावी लागते का?" पेल्विक हेल्थ म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे, आणि त्यांवर अवलंबून असलेल्या लघवीवरच्या ताब्यासारख्या गोष्टींचे आरोग्य. जिन्यात उभ्या उभ्या दिलेले उत्तर नेहमी अर्धवट राहते, म्हणून ते इथे सविस्तर लिहिते आहे.

स्वतःच्या नावावर संशोधन उभे करायचे असेल तर आज ना उद्या पीएचडी करावीच लागते. आमच्या वेळी इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांची बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी), मग दोन वर्षांची एमपीटी (पदव्युत्तर पदवी) आणि पुढे किमान तीन वर्षांची पीएचडी असा हिशेब होता, आणि तो तुम्हा सगळ्यांना पाठ असतो. मात्र या क्षेत्रात टिकलेल्या ज्या मैत्रिणी मी पाहिल्या, त्या प्रत्येकीला ओपीडीतल्या कुठल्यातरी एका प्रश्नाने पछाडले होते.

माझा प्रश्न राधानगरीकडून कंबरदुखीसाठी आलेल्या एका मावशींनी दिला. छापील फॉर्मवर 'लघवीवर नियंत्रण राहत नाही असे होते का?' असे विचारले होते. त्यांनी "नाही" म्हटले आणि मी तशी खूण केली. उठता उठता त्यांना खोकला आला, तशी त्यांनी एका हाताने निऱ्या घट्ट धरल्या. मी विचारले, "मावशी, खोकताना लुगडं भिजतं का?" तेव्हा त्या म्हणाल्या, "ते व्हय? ते तर धाकट्याच्या येळेपास्नं हाय. त्येला काय दुखणं म्हणायचं?"

फॉर्मवरची ती खूण खोटी होती, आणि अशा शंभर खुणांची सरासरी काढली असती तर तीही खोटीच निघाली असती. म्हणून मुलींना मी पहिला अभ्यास प्रश्नावलीचा सुचवते. लघवी सुटण्याच्या त्रासासाठी ० ते २१ गुणांची आयसीआयक्यू नावाची छोटी प्रश्नावली जगभर वापरली जाते. अशा प्रश्नावलीचे प्रमाणित मराठी रूप उपलब्ध आहे का हे आधी पाहावे, आणि नसेल तर तिच्या मालकांची परवानगी घेऊन कामाला लागावे. दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचे, दोन्हींचा मेळ घालायचा, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याकडून ते उलट इंग्रजीत करवून घ्यायचे, आणि मग खऱ्या बायकांसमोर एकेक प्रश्न वाचून "तुम्हाला यातून काय कळलं?" असे विचारायचे. यात यंत्र लागत नाही, पण 'अंग बाहेर येणे' (म्हणजे गर्भाशय खाली सरकणे) हा शब्द कानावर पडताच अर्थ कळणारी माणसे लागतात, आणि ती ऑस्लोत किंवा मॉन्ट्रियलमध्ये नसून इथेच आहेत.

बायकांची किती दुखणी अशी झाकलेली राहतात, हे डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या गडचिरोलीतल्या अभ्यासाने १९८९ सालीच दाखवले. त्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. त्याआधी तपासणी झालेल्या मात्र जेमतेम ८ टक्के होत्या.

आता आपल्या व्यवसायाबद्दल. केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ मध्ये त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आकसण्याच्या व्यायामांवर लिहिले, तरी पुढचा मोठा पुरावा फिजिओथेरपिस्टनी उभा केला आहे. नॉर्वेच्या कारी बो आणि कॅनडाच्या शांताल द्यूमुलां या दोघीही फिजिओथेरपिस्ट. द्यूमुलां यांच्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, खोकताना-शिंकताना लघवी सुटणाऱ्या ज्या स्त्रियांनी हे व्यायाम केले त्यांच्यापैकी ५६ टक्के स्त्रियांनी त्रास पूर्ण थांबल्याचे सांगितले. व्यायाम न करणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. व्यायाम नुसता तोंडी सांगून मात्र भागत नाही. १९९१ च्या एका अमेरिकन अभ्यासात तोंडी सूचनेनंतर ४७ पैकी २३ जणींनाच स्नायू नीट आकसता आले, आणि १२ जणींची पद्धत तर त्रास वाढवू शकेल अशी होती. म्हणून संशोधनाआधी हात तयार असला पाहिजे. संमती घेऊन आतून तपासणी करणे आणि स्नायूंच्या ताकदीला ० ते ५ गुण देणे हे अनुभवी व्यक्तीच्या हाताखालीच शिकावे, कारण एकाच रुग्णाला तुम्ही दोन आणि शेजारची चार देत असेल तर पुढचा सगळा अभ्यास वाया जातो.

एमपीटीचे डिझर्टेशन ही रंगीत तालीम समजावी. त्यासाठी मोठ्या नावाच्या गाइडपेक्षा तुमचा मसुदा लाल शाईने भरून परत देणारा गाइड शोधा. एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, मग उपचारांची चाचणी असेल तर सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी, आणि त्यानंतरच पहिला रुग्ण. एप्रिल २०१८ पासून तिथे नंतरची नोंदणी घेतली जात नाही. माझ्या पहिल्या अभ्यासात ही सगळी कागदपत्रे चोख होती, पण बारा आठवड्यांचा कार्यक्रम मी जूनमध्ये सुरू केला. रोपलावण सुरू झाली आणि चिखलात दिवसभर वाकून काम करणाऱ्या बायका, म्हणजे नेमक्या ज्यांच्यावर अभ्यास करायचा होता त्याच, पुन्हा आल्या नाहीत. गाइडने पहिल्याच बैठकीत "लावणीचं काय?" असे विचारले होते, आणि मी ते हसण्यावारी नेले होते.

एमपीटीनंतर लगेच पीएचडीचा अर्ज न करता एखाद्या प्रकल्पावर संशोधन सहायक म्हणून वर्षभर काम केलेले बरे. पगार बेताचाच असतो, पण गाळलेल्या नोंदी कशा शोधायच्या आणि रुग्णाला चौथ्यांदा फोन कसा करायचा हे तिथेच कळते. स्त्रीरोगतज्ज्ञांबरोबरच युरॉलॉजिस्टशीही ओळख ठेवा. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर लघवी सुटणारे पुरुषही आपलेच रुग्ण आहेत, आणि ते तर बायकांपेक्षाही कमी बोलतात. केवळ संशोधनाची पदे आपल्याकडे फार थोडी आहेत, त्यामुळे बहुतेकींना कॉलेजात शिकवणे, ओपीडी आणि संशोधन अशा तीन दगडांवर पाय ठेवावा लागतो. माझेही तसेच चालले आहे, आणि ओपीडीतला प्रश्न मी आता "खोकताना लुगडं भिजतं का?" असाच विचारते.