सुतार खासदार आणि आप्पांचा टेप

पुतण्या एमपीएससी करतोय. तिसरं वर्ष चालू आहे. साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका अभ्यासिकेत बसतो आणि दुपारचा डबा खायला आमच्या करंज्यातल्या शेडवर येतो, कारण तिथं पंखा आहे आणि चहा फुकट आहे. परवा जेवता जेवता वहीतलं पान घोकत होता, "आंतर-संसदीय संघ, स्थापना १८८९, मुख्यालय जिनिव्हा, संस्थापक क्रेमर आणि पासी." मी प्लायला सनमायका चिकटवत होतो, हा संघ म्हणजे देशोदेशीच्या संसदांची संघटना, एवढं मला कळलं. म्हणलं कोण रे हा क्रेमर? तर म्हणतो, काका तेवढं नाय विचारत परीक्षेला.

बरं म्हणलं. पण रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर बघत बसलो तर गडी सुतार निघाला की! आमच्या घरात तीन पिढ्या रंधा चालतोय, त्यामुळं मग काय, दोन वाजेपर्यंत वाचतच बसलो.

विल्यम रँडल क्रेमर. जन्म १८२८, इंग्लंडातलं फेअरहॅम नावाचं गाव. बाप घर सोडून गेलेला, आईनं हालात वाढवलं, आणि पोरगं मोठं होईस्तोवर सुतारकामाला लागलं. पुढं लंडनला गेला, तिथं कामाचे तास नऊ करा म्हणून आंदोलनात पुढं, मग १८६० ला सुतारांची युनियन उभी करणाऱ्यांत हा होता. मार्क्सवाल्या पहिल्या इंटरनॅशनलचा, म्हणजे देशोदेशीच्या कामगारांच्या संघटनेचा, काही काळ सेक्रेटरीसुद्धा होता, पण क्रांतीबिंतीचं त्याला फार पटलं नाही. त्याच्या डोक्यात एकच किडा, की युद्ध ठरवणारे वेगळे आणि मरणारे वेगळे, मरायला जातात ती आमच्यासारख्यांची पोरं, तेव्हा देशादेशांची भांडणं तोफेनं नाही तर लवादानं मिटवा. १८८५ ला पूर्व लंडनमधल्या हॅगरस्टनमधून खासदार झाला. तिकडं तेव्हा खासदाराला पगार नव्हता बरं का, तो १९११ ला सुरू झाला. म्हणजे पैसेवाल्यांच्या त्या सभागृहात हा हाताला घट्टे पडलेला माणूस.

लवाद म्हणजे काय हे आम्हाला पुस्तकातनं कळायची गरज नाही. आमचे आप्पा चांगले सुतार म्हणून गावात मान होता आणि घराची वाटणी, तुळया, चौकटी, बांधावरची झाडं असलं काय वादाचं निघालं की लोक त्यांना बोलवायचे. आप्पांचा एक नियम होता. दोन्ही पार्ट्या समोर बसवायच्या आणि खिशातला टेप बाहेर काढायच्या आधी विचारायचं, "मी सांगीन ते मानणार का दोघंबी? मानणार असाल तर मोजतो, नायतर चहा घेतो आन जातो." आधी कबुली, मग माप. क्रेमरची सगळी धडपड एवढ्याचसाठी होती, फक्त बांधाच्या जागी समुद्र.

१८८७ ला त्यानं काय केलं, ब्रिटनच्या २३४ खासदारांच्या सह्या गोळा केल्या आणि कागद घेऊन थेट अमेरिकेचे अध्यक्ष क्लीव्हलंड यांच्याकडं गेला, की आपल्या दोन देशांत लवादाचा करार करा. करार काही लगेच झाला नाही. पण ही बातमी फ्रान्समधल्या फ्रेडरिक पासी या खासदारापर्यंत गेली. पासी म्हणजे अगदी उलटा माणूस, खात्यापित्या घरचा, शिकलेला, अर्थशास्त्री, पण वेड तेच. त्या दोघांचं जमलं. ३१ ऑक्टोबर १८८८ ला पॅरिसमध्ये दोन्हीकडचे काही खासदार बसले, आणि पुढच्या जूनमध्ये, २९ आणि ३० तारखेला, तिथंच पहिली परिषद भरली. त्या वर्षी पॅरिसला मोठं प्रदर्शन होतं, आयफेल टॉवर नवा कोरा उभा, सगळं जग बघायला आलेलं. परिषदेला नऊ देशांचे मिळून शंभराच्या आतच खासदार, त्यात बहुतेक फ्रेंच आणि इंग्रज, बाकीच्यांचे अगदी मोजके, लायबेरियाचासुद्धा एक. सरकारनं पाठवलेले नव्हते, स्वतःहून आलेले, आणि दर वर्षी भेटायचं ठरवून उठले. हाच तो पुतण्याच्या वहीतला आंतर-संसदीय संघ.

एवढंच. ना सैन्य, ना पैसा, ना कुणाला हुकूम द्यायचा अधिकार. आपल्याकडं असल्या बैठकीला लोक हसले असते, तिकडंही हसलेच असणार.

पण बघा, १८९२ ला बर्नला ऑफिस उघडलं, १८९५ ला ब्रसेल्सच्या परिषदेत कायमच्या लवाद कोर्टाचा आराखडाच तयार केला, आणि १८९९ ला हेगच्या शांतता परिषदेत ते कोर्ट खरंच जन्माला आलं. नाव न्यायालय, पण आत कायमचे न्यायाधीश नाहीत, प्रत्येक देशानं दिलेल्या नावांची यादी असते आणि भांडण आलं की त्यातनं पंच निवडायचे. म्हणजे पारावरचीच पद्धत की ही! पहिली केस अमेरिका आणि मेक्सिकोची, १९०२ ची. मग १९०४ ला हे सगळे खासदार अमेरिकेत सेंट लुईसला जमले आणि तिथनं अध्यक्ष रूझवेल्टना जाऊन भेटले, की हेगची दुसरी परिषद बोलवा. ती १९०७ ला भरली.

नोबेलचं तर विचारूच नका. शांततेचं पहिलं नोबेल १९०१ ला, रेडक्रॉसवाल्या ड्युनांबरोबर पासीला. १९०२ ला गोबा, म्हणजे या संघाचं ऑफिस चालवणारा. १९०३ ला क्रेमर एकटा. सलग तीन वर्षं! आणि आलेल्या पैशातले बहुतेक क्रेमरनं लवादाचा प्रचार करणाऱ्या आपल्या लीगला, म्हणजे संघटनेला, देऊन टाकले. हे वाचून बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, त्याच्या बायकोला विचारलं होतं का?

हसण्यावारी नेलं, पण पुढं वाचलं तर प्रश्न बरोबरच निघाला. हा कामगारांचा कैवारी बायकांना मताचा हक्क द्यायच्या कट्टर विरोधात होता. म्हणजे साहेब, सुतारानं अख्खा वाडा बांधला आणि निम्म्या घराला दारच ठेवलं नाही. आणि गंमत अशी की आज जगात कुठल्या संसदेत बायका किती याचा हिशोब ठेवण्याबद्दल सगळ्यात जास्त नाव कुणाचं असेल तर त्याच्याच संघाचं. आपल्या लोकसभेत २०२४ ला ५४३ पैकी ७४ बायका निवडून आल्या. आमच्या वहिनी पंचायतीत सदस्य होत्या, तिथं निम्म्या जागा बायकांच्या. वहिनींना हे आकडे सांगितले तर म्हणाल्या, दिल्लीला आरक्षण नाय तवर असंच.

एक प्रसंग मात्र मला फार आवडला. १९०६ ची लंडनची परिषद. रशियात नुकतीच पहिली ड्यूमा, म्हणजे त्यांची संसद, सुरू झालेली, आणि तिचे प्रतिनिधी मोठ्या उत्साहानं लंडनला आलेले. ते तिथं असतानाच झारनं ड्यूमा बरखास्त करून टाकली. म्हणजे संसदेचे प्रतिनिधी परदेशात आणि मागं संसदच नाही! ब्रिटनचे पंतप्रधान कॅम्पबेल-बॅनरमन भाषणाला उभे राहिले आणि फ्रेंचमध्ये म्हणाले, ड्यूमा मेली, ड्यूमा चिरायू होवो. एका पंतप्रधानानं झारच्या तोंडावर असं म्हणायचं म्हणजे काय खायचं काम नाही.

मग १९१४ आलं आणि सगळं वाहून गेलं. युद्धात ऑफिस ख्रिश्चन लांग नावाच्या नॉर्वेच्या सेक्रेटरीनं आपल्या देशात नेऊन कसंबसं जिवंत ठेवलं, त्यालाही १९२१ ला नोबेल. नंतर मुक्काम जिनिव्हा. पुढं ऑगस्ट १९३९ ला ऑस्लोला परिषद झाली आणि ती संपते न संपते तोच दुसरं महायुद्ध, ते थेट १९४७ ला कैरोला भेटले.

१९३९ म्हणलं की मला दुसरंच आठवतं. आमचं मूळ गाव खटाव तालुक्यात, औंधच्या जवळ. त्याच वर्षी औंधच्या राजानं, भवानराव पंतप्रतिनिधींनी, स्वतःहून राज्यकारभार लोकांच्या हातात दिला, बहात्तर गावांचं ते एवढंसं संस्थान, घटनेला गांधीजींचा सल्ला, आणि मदतीला मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनियर. आज औंधला लोक यमाई आणि म्युझियम बघून परत येतात. हे कुणी सांगत नाही. पुतण्याच्या वहीत तर एक ओळसुद्धा नाही, मी विचारलं.

भारत १९४९ ला संघात आला. आपल्या संसदेत त्यासाठी एक गट आहे, लोकसभेचे अध्यक्ष त्याचे पदसिद्ध प्रमुख असतात, म्हणजे सुरुवातीला मावळंकरच. परिषद दिल्लीला दोनदा झाली, १९६९ आणि १९९३. गुरदयालसिंग ढिल्लों संघाचे अध्यक्ष झाले आणि १९९९ ला नजमा हेपतुल्ला, त्या पदावरची पहिली बाई. (क्रेमर, ऐकताय ना?) आता १८० च्या वर देशांच्या संसदा सदस्य आहेत. अमेरिका नाही, ती नव्वदच्या दशकात बाहेर पडली, ज्या देशाच्या अध्यक्षाकडं कागद घेऊन जाण्यातनं हे सगळं सुरू झालं तोच देश.

पुतण्याला हे सगळं चहा पीत सांगितलं. तो म्हणाला काका भारी आहे, पण उपयोग काय झाला? युद्धं तर चालूच आहेत. २०१६ ला हेगच्या त्याच कोर्टाच्या ऑफिसनं सांभाळलेल्या दक्षिण चीन समुद्राच्या केसमध्ये फिलिपिन्सच्या बाजूनं निकाल लागला तर चीननं सरळ सांगितलं मानत नाही. मुद्दा बरोबर होता, पोरगं अभ्यास करतंय म्हणायचं. मी काय उत्तर देणार, मी शेडच्या मागच्या भिंतीकडं बोट दाखवलं.

तिथं सागाच्या फळ्या टेकवून ठेवल्यात. गावातल्या दोन भावांच्या बांधावरचं झाड होतं ते, कोयत्यापर्यंत गेलेलं प्रकरण. आप्पांनी दोघांची कबुली घेतली, झाड उतरवलं, चिरून आणलं, मोजून निम्म्या निम्म्या फळ्या केल्या. धाकट्यानं त्याच दिवशी नेल्या. थोरला म्हणाला झाड माझंच होतं, निम्मं मला नको, आणि निघून गेला. आप्पांना जाऊन नऊ वर्षं झाली. मारामारी त्यानंतर झाली नाही, बोलणं पण झालं नाही. फळ्यांवर थोरल्याचं नाव आप्पांनी खडूनं लिहिलंय, पुसट झालं की मी परत लिहितो.