उलटी बसलेली काच आणि पुस्तकांची यादी

भोसरी एमआयडीसीत आमच्या भागाला गुरुवारी सुट्टी असते. त्यामुळे बुधवारी संध्याकाळी जो माल गेटबाहेर पडत नाही तो सरळ शुक्रवारवर जातो. चाकणच्या एका गिऱ्हाइकाला लेन्सची पहिली बॅच त्या बुधवारीच द्यायची होती आणि सकाळी माझ्या टेबलावर दोन ट्रे येऊन पडले होते. एका ट्रेतल्या लेन्स छान, दुसऱ्या ट्रेतल्या धूसर.

बेअरिंगच्या कड्या, पिना, सील असे सुटे भाग पट्ट्यावरून कॅमेऱ्याखालून जातात, कॅमेरा त्यांचं माप घेतो, ओरखडे शोधतो. त्या कॅमेऱ्यांच्या लेन्स आम्ही जुळवतो. काच बाहेरून घासून, पॉलिश आणि कोटिंग होऊन येते. या काचा ज्यात एकामागे एक बसतात ते नळीसारखं बॅरल शेजारच्या गाळ्यात लेथवर होतं. जुळवणी आणि तपासणी आमची. या लेन्सचं डिझाइन मात्र बाहेरच्या एका सल्लागाराकडून विकत घेतलेलं होतं, आणि कागदावर ते खरोखर देखणं होतं.

आमच्या साहेबांनी दुसरा ट्रे बघितला आणि निकाल देऊन टाकला, "घासणाऱ्याने घोळ केलाय. लॉट परत पाठवा." फोन उचललाच होता त्यांनी. मी म्हटलं, थांबा, सगळ्यांची फोकल लेंथ, म्हणजे नाभीय अंतर, मोजली आहे, ती दोन्ही ट्रेमध्ये मर्यादेच्या आत आहे. वक्रता चुकीची घासली असती तर ती तिथे दिसली असती. त्यावर त्यांचं म्हणणं, मग काचांमधलं अंतर राखणारे स्पेसर चुकले असतील. असेलही. पण स्पेसर चुकले की बिघाड कमी-जास्त येतो, एक लेन्स थोडी वाईट, दुसरी जास्त वाईट. इथे धूसर लेन्स सगळ्या सारख्याच धूसर होत्या आणि चांगल्या सगळ्या सारख्याच चांगल्या. मधलं काहीच नव्हतं.

आमच्याकडे एक मुलगा नुकताच रुजू झाला होता. विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी., सॉफ्टवेअरवर हात बसलेला, बोलायला कमी. तो मागे उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "मॅडम, बॅरल उघडायच्या आधी मी एकदा पिनहोल बघू का?"

बघ म्हटलं. त्याने एक धूसर लेन्स बाकावर लावली, पलीकडे दिव्यासमोर पिनहोल ठेवलं आणि सूक्ष्मदर्शक फोकसच्या आत-बाहेर सरकवत बसला. मी चष्मा पुसत होते तेवढ्यात तो म्हणाला, "लेन्सकडे सरकवलं की बाहेरची कडी झगझगीत दिसते. उलट बाजूला नेलं की मधे ठिपका आणि भोवती नुसता कापूस."

"एकीकडे शेपूट?"

"नाही. अगदी गोल आहे."

मी स्वतः डोळा लावला. बरोबर होतं. काच मध्यापासून सरकली असती किंवा तिरकी बसली असती, तर अगदी मधल्या ठिपक्यालाही एका बाजूला शेपूट फुटली असती, म्हणजे कोमा. इथे गोलाई शाबूत होती. हे सरळसरळ गोलीय विपथन होतं, कडेचे किरण मधल्या किरणांपेक्षा लेन्सच्या जवळ जमणारं.

"हे कुठे शिकलास?"

तो जरा लाजला. हौशी आकाशनिरीक्षकांच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत जातो म्हणाला, दुर्बिणीचा आरसा स्वतः घासलेला आहे, आणि ताऱ्यावरून दुर्बीण तपासण्याबद्दलचं सूटरचं पुस्तक त्याने पाठ केल्यासारखं वाचलेलं आहे. १९९४ साली आलेलं ते पुस्तक हौशी दुर्बीणवाल्यांसाठी आहे. लेन्स डिझाइन शिकायला काय वाचावं असं विचारल्यावर मी वर्षानुवर्षं जी यादी सांगत आले, तिच्यात ते कधीच नव्हतं. आता आहे.

आमचे फिटर काका तोवर चहा संपवून आले होते. त्यांना दोन ट्रेंची गोष्ट सांगितली. त्यांनी एक धूसर लेन्स हातात घेऊन फिरवली आणि म्हणाले, "दोनच तऱ्हा आहेत ना? मग काच एकतर सुलटी नाहीतर उलटी. तिसरी तऱ्हा काचेला असते का?"

ड्रॉइंग काढलं. तिसरी काच दोन्हीकडून फुगीर. एका बाजूची त्रिज्या ६१.२ मिमी, दुसऱ्या बाजूची ६४.८. डोळ्यांनी हा फरक कळणं शक्य नाही, बोटांनी तर नाहीच. काकांनी क्लॅम्प रिंग सोडवली, काच काढली, कोटिंगला जपत २० मिमी व्यासाच्या कड्याच्या, फुगवटा मोजणाऱ्या स्फेरोमीटरवर ठेवली. त्या दोन बाजूंच्या फुगवट्यात तिथे फरक पडतो साधारण ४६ मायक्रॉनचा. काट्याने तो लगेच दाखवला. धूसर ट्रेतली काच उलटी होती. दुसरी उघडली, तीही. तिसरी उघडायच्या आधी साहेब फोन खाली ठेवून आत निघून गेले.

झालं असं होतं की घासणाऱ्याकडून आलेल्या काही पुड्यांत पहिली बाजू वर होती, काहींत खाली. जुळवणाऱ्या पोरांनी कागद सोडला आणि जशी आली तशी काच बसवली. ड्रॉइंगवर बाण नव्हता, काचेच्या कडेवर पेन्सिलची खूण नव्हती. मी पोरांना काही बोलले नाही. बोलण्यासारखं काय होतं?

नव्या मुलाला मात्र एक गोष्ट पटत नव्हती. काच उलटी आहे, तर फोकल लेंथ बरोबर कशी आली? त्याने सॉफ्टवेअरमध्ये ती एकच काच उलटवून बघितली. फोकल लेंथ जवळपास होती तिथेच, आणि स्पॉट, म्हणजे प्रकाशाचा ठिपका, मात्र कितीतरी पटीने फुगला. तो स्क्रीनकडे बघतच राहिला. मी त्याला खणातली एक साधी प्लॅनो-कॉन्व्हेक्स, म्हणजे एकीकडून सपाट आणि एकीकडून फुगीर, काच दिली आणि खिडकीतून समोरच्या शेडचं चित्र कागदावर पाडायला सांगितलं. आधी फुगीर बाजू शेडकडे, मग सपाट बाजू शेडकडे. काच तीच, पॉवर तीच. पण दूरच्या वस्तूकडे सपाट बाजू केली की गोलीय विपथन जवळपास चौपट होतं. पातळ काचेची पॉवर दोन वक्रतांच्या फरकावर ठरते. तो फरक तसाच ठेवून काच पुढे-मागे वाकवली, म्हणजे आमच्या भाषेत बेंडिंग केलं, तर पॉवर हलत नाही आणि विपथन बदलतं. १.५ अपवर्तनांकाच्या एकट्या काचेला, वस्तू दूर असताना, सगळ्यात कमी गोलीय विपथन हवं असेल तर मागची त्रिज्या पुढचीच्या सहापट लागते. आमच्या काचेत दोन त्रिज्यांचा फरक सहा टक्क्यांच्याही आत, पण शेजारच्या काचा एकमेकींचं विपथन खोडण्यासाठी इतक्या ताणून बसवलेल्या होत्या की तेवढा बदलही पुरला.

मग डबा उघडता उघडता त्याने तो प्रश्न विचारला जो प्रत्येक नवा माणूस विचारतो: मॅडम, नक्की काय वाचू?

कॉलेजात अजॉय घटक यांचं 'ऑप्टिक्स' हे पुस्तक वाचलंय ना, म्हटलं. वाचलं होतं. तेवढा पाया पुरतो. त्याच्या बॅगेत बॉर्न आणि वुल्फ होतं, १९५९ पासून चालत आलेलं ते जाडजूड पुस्तक. ते घरी ठेव म्हटलं. ग्रंथ थोर आहे, पण त्यापासून लेन्स डिझाइनची सुरुवात करणाऱ्या बऱ्याच जणांनी लेन्स डिझाइन सोडलेलं मी पाहिलंय.

पहिलं पुस्तक वॉरन स्मिथचं, 'मॉडर्न ऑप्टिकल इंजिनिअरिंग'. १९६६ची पहिली आवृत्ती, पुढे वाढत गेली. हा माणूस कारखान्यात राहिलेला आहे हे पानापानावर कळतं. काचेची कड किती जाड हवी, टॉलरन्स, म्हणजे मापातली सूट, कुठे सैल सोडायचा आणि कुठे नाही, असल्या गोष्टी तो संकोच न करता सांगतो. आधी पातळ काचांनी आखणी, मग जाडी, मग विपथनं. त्याचंच 'मॉडर्न लेन्स डिझाइन' म्हणजे तयार नमुन्यांचा साठा, ते नंतर लागतं. सुरुवातीलाच हातात पडलं तर माणूस नमुना उचलतो, ऑप्टिमाइझचं, म्हणजे आकडे आपोआप सुधारण्याचं, बटण दाबतो आणि आपल्याला येतंय असं समजतो.

दुसरं किंग्जलेकचं 'लेन्स डिझाइन फंडामेंटल्स', १९७८चं. पुढे २०१०मध्ये बॅरी जॉन्सनने ते वाढवून काढलं. माझ्याकडे जुनी आवृत्ती आहे आणि मला तीच आवडते, कारण तिच्यात किरण हाताने पुढे न्यावा लागतो. रुडॉल्फ किंग्जलेक कोडॅकमध्ये लेन्स बनवायचे आणि रॉचेस्टर विद्यापीठात शिकवायचे. बेंडिंग म्हणजे काय ते त्यांनी ज्या सवडीने समजावलंय, तसं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

किंग्जलेक वाचून भूक राहिली तर कॉनराडी. 'अप्लाइड ऑप्टिक्स अँड ऑप्टिकल डिझाइन', पहिला भाग १९२९चा, लॉगॅरिथमच्या तक्त्यांच्या काळातला. कॉनराडी १९४४ला गेले, दुसरा भाग अर्धवट राहिला, तो किंग्जलेकनी पुरा केला आणि १९६०ला आला. किंग्जलेक त्यांचे विद्यार्थी तर होतेच, जावईही होते. सासऱ्याचं अर्धं राहिलेलं पुस्तक जावयाने पुरं करायचं, असं आमच्याकडे कुणी ऐकलंय का, असं काकांनी विचारलं. ते डबा खाताना सगळं ऐकत होते.

पैशांचं काय, हा त्याचा पुढचा प्रश्न. रास्त होता. ही पुस्तकं महाग आहेत, आणि अप्पा बळवंत चौकात इंजिनिअरिंगचं जग मिळतं पण ही मला तिथे कधी दिसली नाहीत. तर १९६२चं अमेरिकी लष्कराचं ऑप्टिकल डिझाइनचं हँडबुक आहे, क्रमांक १४१, ते फुकट उतरवून घेता येतं. छपाई रुक्ष आहे, आकृत्या जुन्या आहेत आणि मजकूर अस्सल आहे. सॉफ्टवेअर समोर ठेवून शिकायचंच असेल तर गिअरीचं २००२चं पुस्तक, झीमॅक्स या लेन्स डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या उदाहरणांसकट. पण ते स्मिथच्या नंतर, आधी नाही.

त्याला वाटलं होतं मी सॉफ्टवेअरचं मॅन्युअल सांगेन. ते लागतंच, पण त्यातून काय मागायचं ते कळत नाही. आमच्या सल्लागाराच्या त्या देखण्या डिझाइनचं बघा ना. सॉफ्टवेअरला कुणी सांगितलं नव्हतं की ही काच एक माणूस चिमट्याने उचलून बसवणार आहे. त्याला ६१.२ आणि ६४.८ हे दोन छान आकडे वाटले. जुना डिझाइनर असता तर त्याने दोन्ही बाजू सरळ एकसारख्या केल्या असत्या, किंवा उघड्या डोळ्यांनी कळेल इतक्या वेगळ्या.

दुपारी मी त्याला तेच करायला बसवलं. दोन्ही त्रिज्या एकमेकींना बांधायच्या, बाकी वक्रता आणि हवेची अंतरं मोकळी सोडायची, पुन्हा ऑप्टिमाइझ. मेरिट फंक्शन, म्हणजे एकूण दोषाचा आकडा, इतकं थोडं वाढलं की एमटीएफच्या, म्हणजे बारीक तपशील किती स्पष्ट उतरतात त्याच्या, आलेखात नवी रेघ जुनीवर बसली. मी सल्लागारांना फोन केला. ते म्हणाले, असं करायची गरज नाही, जुळवणाऱ्याने बाजू बघून बसवायला हवी. मी म्हटलं, एकदा आमच्याकडे या आणि बघून दाखवा. ते नंतर बोलतो म्हणाले.

काका आणि दोन पोरं धूसर ट्रे घेऊन बसली. रिंग सोड, काच काढ, फुंकर, कापड, स्फेरोमीटर, कडेवर पेन्सिलने बाण, परत बसव, पिनहोलवर तपास. दिसायला सोपं, पण काचेवर धुळीचा एक कण राहिला की पुन्हा उघडायचं. टेम्पोवाला सहा वाजल्यापासून हॉर्न वाजवत होता. काकांनी त्याला आत बोलावून चहा दिला, तेव्हा तो गप्प झाला. माल बुधवारीच गेला. पुढच्या बॅचसाठी नवं ड्रॉइंग निघालं, दोन्ही बाजू सारख्या असलेलं, आणि काकांच्या आग्रहाखातर त्यावरही बाण. दोन्ही बाजू सारख्या असताना बाण कशाला, असं मुलाने विचारलं. "सवय राहू दे पोरांना," काका म्हणाले.

शुक्रवारी तो मुलगा वही घेऊन आला. मी त्याला १०० मिमी फोकल लेंथचा, रंगदोष घालवणारा अॅक्रोमॅट दिला होता, बीके७ आणि एफ२ या दोन प्रकारच्या काचांचा, सॉफ्टवेअर न उघडता सोडवायला. अॅबे अंक (काच रंग किती कमी फाकवते त्याचं माप) ६४.१७ आणि ३६.३७ धरून त्याने पहिल्या काचेची फोकल लेंथ ४३.३ काढली होती, दुसरीची उणे ७६.४. बरोबर होतं. मग त्याने विचारलं की चिकटवलेल्या जोडीत वक्रता तीन असतात, त्यातल्या दोन या पॉवरींनी बांधल्या गेल्या, मग उरलेल्या एकीचं काय करायचं. मी माझी पिवळी पडलेली किंग्जलेकची प्रत काढली, गोलीय विपथन सुधारलेल्या अॅक्रोमॅटच्या प्रकरणात खूण घातली आणि त्याला दिली. पहिल्या पानावर तारीख लिहून घेतली, कारण या प्रती परत येत नाहीत.