एका एलईडीची तलवार

डोंबिवलीत माझं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, इन्व्हर्टर, होम थिएटर हे रोजचं. त्या शनिवारी मात्र एका बालनाट्याचं बॅकस्टेज सांभाळणारी मुलगी लाइटवाली तलवार घेऊन आली. ते काम जमलं की नाही, याचा निकाल माझ्या मनात अजून लागलेला नाही.

तलवार परदेशातून आणलेली. बटण दाबलं की मुठीपासून टोकापर्यंत निळा उजेड सरसर चढतो, आदळली की खण्णकन आवाज. नाटकात राजपुत्र राक्षसाच्या गुहेत, गच्च अंधारात ती पेटवतो आणि मग दोघांची लढाई जुंपते. आता अर्ध्या पात्याच्या वर काळोख होता, आणि प्रयोग दुसऱ्याच दिवशी सकाळी, सावित्रीबाई फुले नाट्यगृहात.

पातं उघडलं. आत फोमच्या वेष्टनात एलईडींची माळ, सहा भागांत विभागलेली. बोर्डावरचे सहा ट्रान्झिस्टर, म्हणजे छोटे इलेक्ट्रॉनिक स्विच, एकामागून एक चालू होतात, म्हणून उजेड चढताना दिसतो. कल्पना सुंदर, पण तारा केसासारख्या, आणि सगळं सोल्डरिंग नेमकं जिथे घाव बसतात तिथेच. लढण्यासाठी विकलेल्या वस्तूची अशी बांधणी मला पटत नाही. एक जोड मी दहा मिनिटांत लावला असता, पण दुसरा पहिल्याच लढाईत सुटला असता.

म्हणून ठरवलं, माळ काढायची. मुठीत ३ वॅटची एकच एलईडी, पुढे भिंग, आणि पातं म्हणजे नुसती पोकळ नळी. फुटण्यासारखं त्यात काही उरतच नाही.

दुपारी मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड गाठला. तिथे ३ वॅट म्हणून जे विकतात त्यातलं बरंचसं ३ वॅटचं नसतं. आतली चिप एवढीशी असते आणि ७०० मिलिअँपिअरचा प्रवाह दिला की मिनिटाभरात मंदावते. म्हणून मी सेल आणि प्रवाह आवरणारा रेझिस्टर खिशात घेऊनच जातो आणि काउंटरवर लावून बघतो. दुकानदारांना ते आवडत नाही. भिंगाचंही तसंच. ‘सगळी सारखीच’ म्हणत ६० अंशांत उजेड पसरवणारं हातात ठेवत होते. त्याने खालचा वीतभर भाग भगभगला असता आणि टोक मेलं असतं. १० अंशांचं मिळेपर्यंत हललो नाही.

खरी गंमत सर्किटची. सोपा मार्ग म्हणजे एक मॉस्फेट, म्हणजे तसाच एक स्विच, टाकायचा आणि एलईडी एकदम पेटवायची. पण ती मुलगी जाताना म्हणाली होती, “काका, ती चढली पाहिजे हं. पोरं त्यालाच ओरडतात.” तलवारीच्या मूळ बोर्डाचं प्लस माळेच्या सगळ्या भागांना सामाईक होतं, मायनस वेगवेगळे. मग सहाही मायनसना १०-१० ओहमचा रेझिस्टर लावला आणि त्यांची दुसरी टोकं एकत्र करून एलईडीच्या मायनसला जोडली. तीन सेल म्हणजे ४.५ व्होल्ट, निळी एलईडी घेते ३.३ च्या आसपास. उरलेल्या १.२ व्होल्टमध्ये प्रत्येक वाटेने साधारण १२० मिलिअँपिअर, सहा मिळून ७०० च्या घरात. एकेका ट्रान्झिस्टरवर ताण नाही, आणि तो एकेक चालू होत जातो तशी एलईडी सहा पायऱ्यांनी उजळते. मूळ बोर्डाला कुठेही धक्का न लावता हे जमलं याचा मला अभिमान आहे.

दोन वॅटच्या वर ताकद एवढ्याशा चिपमध्ये जाते, तिची उष्णता कुठेतरी जायला हवी. एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून मुठीच्या मापाचा ॲल्युमिनियमचा ठोकळा कातून आणला आणि उष्णता पुढे पोचवणारी थर्मल पेस्ट लावून एलईडी त्यावर बसवली. नळीत गुच्छाला गुंडाळतात तो पारदर्शक कागद सैल गुंडाळी करून सरकवला, टोकाला चकचकीत पत्र्याची चकती बसवली. पातं मुठीत आरपार स्क्रूने पक्कं केलं. हे मी कोणी सांगितलं नसताना केलं, कारण पातं निघालं आणि पोराने आत डोकावून बटण दाबलं, तर तो झोत सरळ डोळ्यात.

रविवारी प्रयोगाआधी रंगमंचावर अंधार करून बघितलं. ती मुलगी शेवटच्या रांगेतून ओरडली, “चढतेय काका, चढतेय!” तिचं म्हणणं खोटं नव्हतं. नळीत मुठीकडे उजेड जास्त, टोकाकडे कमी, त्यामुळे तेज वाढत जातं तसा तो लांबवर पोचल्यासारखा दिसतो. पण राजपुत्र झालेला मुलगा, इयत्ता सहावीतला, तलवारीकडे बघत म्हणाला, “आधी ती माझ्या हातातून वर जायची. आता नुसती पेटते.”

लढाई झाली, तलवारीला काही झालं नाही, टाळ्याही पडल्या. दिग्दर्शक खूश. त्यांच्या लेखी विषय संपला, उलट पुढच्या वेळी स्वस्तातले साधे सेल चालतील का, एवढंच त्यांनी विचारलं. नाही चालणार, अल्कलाइनच लागतील. एवढ्या प्रवाहाला साध्या सेलचं व्होल्टेज खाली येतं आणि आवाज अडखळतो.

पण तो मुलगा बरोबर बोलला. मी दिलेला उजेड वाढतो, सरकत नाही, आणि तलवार हातात धरणाऱ्याला ते कळणारच. उजेड सरकायला हवा असेल तर माळ लागते, आणि अशी माळ घावात टिकत नाही. म्हणून मी दोन तलवारी सुचवल्या आहेत. गुहेतल्या प्रवेशाला माळेची, लढाईला माझी. दिग्दर्शक म्हणतात, एवढ्यासाठी खर्च कशाला. मी फक्त सामानाचे पैसे घेईन असं सांगितलंय. ती मुलगी म्हणते, राजपुत्र खडकामागे जातो तेव्हा बदलता येईल, ती स्वतः तिथे उभी राहील. अजून होकार आलेला नाही, पण नळीचं माप मी घेऊन ठेवलंय.